जिंकलेल्या दाव्याबद्दल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घर रिकामं करून घेण्याचा दावा तू जिंकलास, पण हरलेली ती बाई कोर्टाच्या पायरीवर बसलेली पाहिलीस आणि रात्री घास उतरला नाही. वकिली सोडू का, असं विचारतेस.

थॅडियस स्टीव्हन्स या अमेरिकन वकिलाचं आणि राजकारण्याचं नाव तू ऐकलं असशील. जन्म १७९२, व्हरमाँटमधलं गरीब घर, एक पाय जन्मतः अधू. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला त्यानं वकिली थाटली. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीच्या दाव्यात तो तिच्या मालकाच्या बाजूनं उभा राहिला. मालकानं सहा महिने राज्यात ठेवलेला गुलाम मुक्त होतो, असा तिथला कायदा. आपल्या वेगवेगळ्या फेऱ्यांचे दिवस एकत्र मोजावेत, असं तिचं म्हणणं. मुक्काम सलग हवा, असं स्टीव्हन्सचं. कोर्टानं त्याचं मानलं. चॅरिटी आणि तिची लेकरं गुलामच राहिली.

तरुणपणी हे वाचलं तेव्हा मला त्याचा रागच आला होता. आजही त्या निकालाचं समर्थन मी करणार नाही. पण हाच माणूस पुढे पळून आलेल्या गुलामांचे खटले लढला. १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा मोडीत निघत होता. स्वतःच्या मतदारांच्या मनाविरुद्ध भाषण करून त्यानं तो वाचवला. १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेनं कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढला, तेव्हा त्यानं सही नाकारली.

१८६६ ची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तेव्हा तो अमेरिकेच्या संसदेत होता. कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या, अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीत त्याला हवी होती ती पूर्ण समता नव्हती. भर सभागृहात त्यानं निराशा बोलून दाखवली, आणि आपण देवदूतांत नाही, माणसांत राहतो म्हणून हे स्वीकारतो, असं सांगून मत दिलं. जन्मभर हट्टी असलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल!

११ ऑगस्ट १८६८ ला तो गेला. लँकेस्टरमधल्या इतर दफनभूमींत वर्णाची अट होती, म्हणून त्यानं सर्वांना खुली असलेली लहानशी जागा निवडली होती.

तू वकिली सोडू नकोस. त्या बाईचं काम आता तुला घेता येणार नाही, पण तिच्यासारख्या बायका उद्याही येतील आणि त्यांच्याकडे फीचे पैसे नसतील. सोमवारी, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांच्या पॅनेलसाठी अर्ज दे. मसुदा सोबत जोडला आहे; सही करण्याआधी मला फोन कर.

तुझा,
काका