'हेरेडिटरी' हा भयपट समीक्षकांनी उचलून धरला, मग प्रेक्षकांना तो का रुचला नाही?

जून 2018 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर प्रेक्षकांच्या मतांवरून सिनेमांना श्रेणी देणाऱ्या सिनेमास्कोअर या संस्थेने पहिल्या प्रेक्षकांचा कौल घेतला, त्यात त्याला 'डी प्लस' ही बरीच खालची श्रेणी मिळाली. माझ्या मते यात ट्रेलरचा मोठा वाटा आहे. ट्रेलरमध्ये घरातली लहान मुलगी चार्लीच पुढे होती, त्यामुळे लोक भुताटकीचे धक्के खायला गेले. पडद्यावर मात्र बराच वेळ एका घरातलं दुःख चालतं.

गाडीच्या अपघातानंतरचा प्रसंगच घ्या. चार्लीचा मोठा भाऊ पीटर गोठल्यासारखा गाडीत बसून राहतो, मागे वळून बघतही नाही. गाडी घरी आणतो आणि मुकाट अंथरुणात जाऊन पडतो. सकाळी कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर असतो, आईचा हंबरडा फक्त ऐकू येतो. काहींना हे असह्य झालं, काहींना संथ वाटलं. मला विचाराल तर सिनेमाचा प्राण इथेच आहे. आईच्या भूमिकेत टोनी कोलेटने तर कमाल केली आहे!

शेवटाबद्दलची नाराजी मात्र मला पटते. तिथे मनाचे खेळ संपून उघड अघोरी प्रकार सुरू होतो.

बघायचा असेल तर ट्रेलर टाळा. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर सध्या नकोच.