पगारातून ईएसआय कापला, पण भरला का?

प्रश्न : चाकणला ठेकेदारामार्फत काम करतो. पगार १७,००० रुपये. आठ महिन्यांपासून पगारचिठ्ठीत ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) १२८ रुपये कापलेले दिसतात. पत्नीला दवाखान्यात नेले, तर ‘नाव सापडत नाही’ म्हणून परत पाठवले. काय करावे?

उत्तर : आकडा बरोबर आहे. कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के, म्हणजे १२७.५० रुपये, वरचे पैसे पूर्ण रुपयात धरतात. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, तुमच्या बाबतीत ५५३ रुपये. हे दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. पण पगारचिठ्ठीवरून फक्त कापल्याचे कळते, भरल्याचे नाही.

आधी तुमचा दहा आकडी विमा क्रमांक मागा. ‘कार्ड अजून आले नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. नोंदणी झाली असेल तर क्रमांक त्याच वेळी मिळतो आणि ओळखपत्राची प्रिंट काढता येते. क्रमांक मिळाला की ईएसआयसीच्या (ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या) संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करा आणि दर महिन्यापुढे किती दिवस आणि किती वेतन दाखवले आहे ते हजेरीशी ताडून पाहा.

मग घोळ कुठे आहे ते कळेल. महिने नीट भरलेले असतील, तर बहुधा पत्नीचे नावच कुटुंबाच्या तपशिलात घातलेले नसते किंवा आधारवरच्या नावाशी जुळत नसते. हे दुरुस्त होते. (आई-वडिलांचे नाव घालायचे असेल, तर त्यांचे सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांच्या आत हवे.) पूर्वी दुसऱ्या ठेकेदाराकडे होतात का? ठेकेदार बदलला की नवा क्रमांक काढायचा, हा एमआयडीसीतला जुना रोग आहे. क्रमांक जन्मभर एकच असतो. दोन झाले की भरलेले दिवस विभागले जातात. दोन्ही क्रमांक घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात ते एकत्र करण्याचा अर्ज द्या.

महिने कोरेच असतील, तर पगारचिठ्ठ्या, बँकेचा उतारा आणि गेटपासची प्रत जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीत ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचेही नाव लिहा, कारण ठेकेदाराने बुडवलेली वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. मागचा हिस्सा आता एकदम तुमच्या पगारातून कापू म्हणाले, तर नकार द्या; ज्या काळाचा हिस्सा, त्याच काळाच्या वेतनातून तो कापता येतो. चौकशीसाठी टोल-फ्री क्रमांक १८००-११-२५२६.

प्रश्न : जूनपासून पगार २०,४०० वरून २२,५०० झाला. ऑफिसने त्याच महिन्यापासून ईएसआय बंद केला. हातात चार पैसे जास्त येतात, मग बिघडले काय?

उत्तर : बरेच बिघडले. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २१,००० रुपयांची आहे हे खरे, पण १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या वर्गणीकाळात मध्येच ती ओलांडली, तरी काळ संपेपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तीही पूर्ण २२,५०० वर, म्हणजे तुमचे १६९ रुपये. या सहा महिन्यांच्या वर्गणीवर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनचा लाभ मिळतो. आजारपणात ७० टक्के वेतन, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी वर्गणीचे किमान ७८ दिवस लागतात. एप्रिल आणि मे मिळून फार तर ६१ होतात. म्हणजे ऑफिसच्या घाईने तुमची सहा महिन्यांची पात्रताच गेली. सप्टेंबरपर्यंतची वर्गणी भरायला लावा, आणि कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुमचे नाव कोणत्या तारखेपासून घातले, ते ईमेलवर विचारा.

प्रश्न : कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मधुमेही वडील आहेत. नोकरी सोडतो आहे. त्यांचे काय?

उत्तर : बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संरक्षण संपते, म्हणून राजीनामा दिला की लगेच, नोटीसच्या काळातच, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून देण्याचा अर्ज करा. विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते. पण जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही), जो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, त्यातून ग्रुपमध्ये काढलेली वर्षे वजा होतात. मात्र जुन्या विमारकमेपुरतीच. ग्रुपमध्ये तीन लाख आणि नवी पॉलिसी पाच लाखांची असेल, तर वरच्या दोन लाखांसाठी प्रतीक्षा पहिल्यापासून मोजतात. एचआरकडून प्रत्येक वर्षाच्या पॉलिसीचा क्रमांक आणि वडिलांचे नाव असलेले पत्र आजच घ्या. नोकरी सुटल्यावर ते मिळवताना दमछाक होते.