चाळिशीची वाट बघू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

ऐरोलीचं ऑफिस, ठाण्यापर्यंत लोकल, पुढे घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. घरी पोचेपर्यंत रात्र होते, म्हणून व्यायामाचं चाळिशीनंतर बघू, असं तू लिहिलंस. तुझी दमणूक मला कळते. पण हे पुढे ढकलणं मला मान्य नाही.

हाडांची भरणी साधारण तिशीपर्यंतच होते, नंतर आहे ते जपायचं असतं. स्नायूही तिशी-चाळिशीनंतर हळूहळू झिजतात आणि बसून राहणाऱ्याचे लवकर झिजतात. म्हणजे आज जी ताकद कमावशील, तीच साठीनंतर तुझ्या कामी येणार आहे.

जिम परवडत नसेल तर राहू दे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल आणि किमान २ दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले. सलग १० मिनिटं तरी हवीत ही जुनी अटही काढून टाकली. त्यामुळे ठाणे स्टेशनचा जिनासुद्धा हिशेबात येतो. सरकत्या जिन्याच्या गर्दीत उभा राहू नकोस. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. गाडी तीच, काम वेगळं!

तुझ्या भाच्याला रोज तासभर खेळू द्या, क्लास थोडा कमी झाला तरी चालेल.

मला खरी काळजी आजींची वाटते. ‘या वयात आता कसला व्यायाम’ म्हणून तुम्ही त्यांना पाणीसुद्धा हातात नेऊन देता. त्यात माया आहे, पण त्याने पाय दुबळे होतात, तोल जातो, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळू शकतो. १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून ८ आठवडे, देखरेखीखाली, पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत!

आजींसाठी घरातली हात असलेली खुर्ची पुरे. तिची पाठ भिंतीला टेकव, म्हणजे ती सरकणार नाही. पाऊलं जमिनीवर पक्की, अंग जरा पुढे, आणि हातांचा आधार शक्य तितका कमी घेऊन उठायचं. बसताना धपकन नाही, सावकाश. त्या सावकाश बसण्यातही व्यायाम होतो. श्वास रोखायचा नाही. सुरुवातीला पाच वेळा झालं तरी खूप.

आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार, बीपीच्या गोळ्या आणि गुडघे दोन्ही सांगून. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबवायचं. आणि समोर दुसरी खुर्ची मांडून तूही बस. एकट्या त्या करणार नाहीत.

तुझा,
काका