बॅटरीवर चालतं, तरी इंजिनच?

नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत रात्री रूळदुरुस्तीचं सामान ओढणाऱ्या बॅटरीवरच्या लोकोमोटिव्हला त्यांनी 'इंजिन' म्हटलं. इंजिनिअर भाच्याने ते खोडलं. आत इंजिन नाही, मोटर आहे, म्हणे.

ताई, तुमचा शब्द राहू द्या.

भाच्याचा भेद यंत्रापुरता खरा आहे, आणि शेतातही तो काटेकोर पाळतात. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत 'इंजिन लाव' म्हटलं की डिझेलचा पंप, 'मोटर लाव' म्हटलं की विजेचा. रुळांवर मात्र 'इंजिन' म्हणजे डबे ओढणारं अख्खं वाहन. कोळशाचं, डिझेलचं, विजेचं, सगळी इंजिनंच. आपल्या अजनीच्या शेडमध्ये विजेचीच इंजिनं असतात, त्यांना कुणी मोटर म्हणत नाही. फलाटावर थांबलेल्या गाडीत बसलो असताना हिसका बसतो, कपातला चहा बशीत सांडतो आणि शेजारचे काका म्हणतात, "लागलं इंजिन." आत काय फिरतं हे त्यांच्या मनातही नसतं. रस्त्यावर 'मोटार' शब्दाचं हेच झालं. भागाचं नाव गाडीला मिळालं, आणि पेट्रोलवर चालणारी गाडीही मोटारच राहिली.

'मेट्रोला इंजिन नसतं' हे सीताबर्डीला सहज ऐकू येणारं वाक्यही हाच अर्थ धरून आहे. मोटरी डब्यांखालीच असतात, ओढणारं वेगळं वाहन नसतं.

'लोको' हा रेल्वेतल्या माणसांचा शब्द. लोको शेड, लोको पायलट यांत तो शोभतो, पण एकटा आला की बाहेरचा वाचक अडखळतो.

मला खटकतं ते 'बॅटरीचं इंजिन' एवढंच लिहिणं. आपल्या मेट्रोची 25 हजार व्होल्टची तार डोक्यावर असते. लंडनला वीज चाकांच्या रुळांलगतच्या वेगळ्या रुळांतून येते. माणसांना खाली उतरून काम करता यावं म्हणून रात्री ती बंद करतात, आणि तेव्हा हे इंजिन बॅटरीवर चालतं. वीज असेल तेव्हा ते रुळांतूनच घेतं. बोगद्यात डिझेलचा धूर कोंडतो, तोही त्रास वाचतो. म्हणून असं लिहा: 'रुळांतल्या विजेवर आणि ती बंद असताना बॅटरीवर चालणारं दुरुस्तीगाडीचं इंजिन'. पहिल्यांदा एवढं लांब, पुढे नुसतं 'इंजिन'.