पगाराला २६ ने भागून फी निघत नाही

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात १८ वर्षं काढली. आता स्वतंत्र सल्लागार म्हणून उतरतोय. शेवटचा पगार महिना ७५,००० होता. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यानं रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, कमी करायला बोलावलंय. पगाराला २६ ने भागून दिवसाला २,९०० सांगू का? मालक म्हणतात, "आधी रिजेक्शन उतरू दे, मग बघू की." (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : २,९०० सांगितलेत तर सहा महिन्यांत परत नोकरी शोधाल. पगाराचे २६ दिवस भरलेले असतात, सल्लागाराचे नसतात. रविवार, सण, आजारपण वजा जाता वर्षाचे २८० च्या आसपास दिवस उरतात. त्यातले निम्मेअधिक कोटेशन, गाठीभेटी आणि थकलेल्या बिलांच्या फोनाफोनीत जातात. पहिल्या वर्षी बिल लावता येतील असे १२० दिवस धरा.

आता वरून खाली या. घरखर्चासाठी पूर्वीचेच ९ लाख. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम आता तुमच्याच खिशातून, ते दीड लाख. पेट्रोल, लॅपटॉप, फोन, सीए मिळून १ लाख ८० हजार. बुडीत बिलं आणि रिकाम्या महिन्यांसाठी ९० हजार. एकूण १३ लाख २० हजार, भागिले १२०, म्हणजे दिवसाला ११,०००. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

हा आकडा मालकांना मात्र 'रोज' म्हणून सांगू नका. रोज म्हटला की त्याची तुलना फिटरच्या हजेरीशी होते. त्यांच्या नुकसानीचा हिशोब समोर ठेवा. समजा, महिना २०० टन ओतकाम आहे आणि रिजेक्शन ८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तर ६ टन वाचले. नापास कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं, त्यामुळं धातू बुडत नाही. पण वितळवायची टनाला ६०० युनिटच्या आसपास वीज, वाळू, मजुरी आणि झालं असेल तर मशिनिंग वाया जातं. हे सगळं टनाला २५,००० धरलं तर महिना दीड लाख. चार भेटींचे ४४,००० त्यापुढं जड वाटत नाहीत.

"उतरलं की बघू" याला थेट हो म्हणू नका. पहिले तीन दिवस तपासणीचे, त्याची फी वेगळी आणि निम्मी आगाऊ. त्यात मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन ब्लो होल (वायूची पोकळी), सँड इन्क्लुजन (अडकलेली वाळू), श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी) असं दोषवार लावून घ्या. रिजेक्शन वजनावर मोजायचं की नगावर, आणि ग्राहकाकडं मशिनिंगनंतर निघालेलं धरायचं की नाही, हे तेव्हाच लिहून घ्या. भांडण नेमकं इथंच होतं. मालकांना बक्षीस द्यायचंच असेल तर ते ठरल्या फीच्या वर. स्क्रॅपचा दर्जा आणि वाळूवरचा माणूस तुमच्या हातात नसताना सगळी फी निकालावर टांगणं म्हणजे जुगार.

कोटेशनवर 'जीएसटी वेगळा' हे शब्द हवेतच. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. दर १८ टक्के. बिलातून टीडीएस कापला जाईल, व्यावसायिक फीवर १० टक्के. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये तुमच्या आयकरात वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. पण हातात कमी येतात, हे धरून चाला.

प्रश्न : "पार्टीकडून आले की देतो" म्हणत बिल चार महिने अडवतात. काय करावं?

उत्तर : उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करा, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंद असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं पैसे ठेवता येत नाहीत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय मुदतीबाहेर थकलेली रक्कम देईपर्यंत मालकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापा आणि ही शेवटची गोष्ट मालकाऐवजी त्यांच्या अकाउंटंटच्या कानावर घाला. मार्चच्या आत बिल निघायला नोटिशीपेक्षा तिचा उपयोग जास्त.