दुखवट्याच्या घरातला आगमनकाळ

कुवेत, ५ डिसेंबर २०२५

चि. बाय हिला,
पप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर बोललो असतो, पण फोन आला की आजी तुझ्या शेजारीच बसलेली असते, आणि तिच्यासमोर हे बोलणं बरं दिसलं नसतं. शिवाय तुझा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. म्हणून सावकाश लिहितोय.

तू विचारलंस की आजी यंदा घरावर चांदणी लावू देत नाही, करंज्या करायच्या नाहीत म्हणते, कारण आजोबांना जाऊन वर्ष झालेलं नाही. पण दिवाळीत शेजारच्या काकूंनी फराळाचा डबा आणला तो तिने घेतला, आणि नाताळात कुणी काही आणलं तर तेही घेणार म्हणते. आपण करायचं नाही आणि दुसऱ्याचं मात्र खायचं, हे कसं? शिवाय फादर सांगतात की येशूचा जन्म ही सगळ्या जगासाठी आनंदाची बातमी. मग दुःखातलं घर त्या जगात येत नाही का? आणि शेवटी तू लिहिलंस, ‘हे ख्रिस्ती आहे की नुसतं मराठी?’

तू कुवेतमध्ये वाढलीस. इथे बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी माणूस गेलं तरी ते त्याच्या गावी जातं आणि दुःखही त्याच्याबरोबर गावी जातं. वसईत आपल्या पाचूबंदरला तसं नसतं. तिथे गल्लीला गल्ली दुखवट्यात बसते. अकरावीसाठी जूनमध्ये तू तिथे गेलीस आणि ऑगस्टमध्ये आजोबा गेले, त्यामुळे हे सगळं तुला एकदम, कुणी काही समजावून न सांगता बघावं लागलं.

डब्याचं आधी सांगतो. आपल्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर सणाचं गोडधोड तळत नाहीत. हिंदू घरांत हे आहे आणि आपल्याकडेही आहे. पण त्या घराला सणाच्या दिवशी कोरडं ठेवायचं नाही, ही दुसरी बाजू तितकीच पक्की आहे. ते काम शेजाऱ्यांचं आणि सोयऱ्यांचं. ज्याच्या घरी दुःख त्याला कढई चढवायची जबरदस्ती नाही, हसतमुखाने पाहुण्यांचं स्वागत करायची सक्ती नाही. आणि ज्यांच्या घरी सगळं ठीक आहे त्यांनी त्याचं तोंड गोड करायला जायचं. तू एक गोष्ट पाहिलीस का? एरवी आजी कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालते. काकूंचा डबा तिने या वेळी नुसता धुऊन, पुसून परत दिला, असं तूच मला सांगितलं होतंस. काकूंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दुखवट्याच्या घराला परतफेड माफ असते.

मला यात येशूची शिकवण दिसते, अगदी स्पष्ट दिसते. नाताळ म्हणजे देवाने दिलेलं घेणं. आपण काही कमावलं म्हणून तो आला नाही. एरवी आपण इतक्या करंज्या करतो, इतके डबे वाटतो की आपणच देणारे आहोत असं वाटायला लागतं. या वर्षी आजीच्या हातात देण्यासारखं काही नाही, ती फक्त घेते आहे. यंदाचा नाताळ आपल्या सगळ्यांत तिलाच जास्त कळेल असं मला वाटतं.

राहिला ख्रिस्ती की मराठी हा प्रश्न. आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी इतकी शतकं एका घरात नांदत आल्या आहेत की त्यांची वाटणी करायला बसू नये. वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले, १७३९ ला गेले. ते गेले तरी प्रार्थना राहिली, आणि ती मराठीतच रुजली. त्याआधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहून गोव्यात रायतूरला छापली. परदेशातून आलेल्या माणसालाही ओवीच जवळची वाटली. तेव्हा एखादी रीत मराठी आहे म्हणून ती ख्रिस्ती नाही, असं धरून चालू नकोस. ती माणसाला प्रेमाकडे नेते की नाही, एवढं बघ.

आता मुख्य गोष्ट. तुला वाटतंय की आजीने नाताळ बंद केला. पण नाताळ अजून आलेलाच नाही, बाय. आत्ता आगमनकाळ चालू आहे, नाताळच्या आधीचे वाट पाहण्याचे चार आठवडे. फादरांचा झगा जांभळा आहे, बघितलास ना? तोच रंग ते ईस्टरआधीच्या उपवासकाळात घालतात. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गौरवगीत गात नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. म्हणजे मॉलमध्ये नोव्हेंबरपासून गाणी वाजत असली तरी चर्च स्वतः चार आठवडे आवाज खाली ठेवतं. वेदीजवळच्या मेणबत्त्या एकदम पेटवत नाहीत, दर रविवारी एक. या दिवसांत आजीचं घर चर्चच्या अगदी बरोबरीने चाललं आहे.

आणि वाचनं ऐक. आज शुक्रवार, इथे सुट्टीचा वार, त्यामुळे रविवारचीच मिस्सा आम्हाला आज मिळाली. शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची गोष्ट होती, उद्या-परवा तूही ऐकशील. अरण्यात उभा राहून गर्जना करणारा योहान. उंटाच्या केसांची वस्त्रं, टोळ आणि रानमध हे खाणं. झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे असं लोकांना तोंडावर सांगणारा, कुणाच्या बापाला न भिणारा. माझ्यामागून येतोय त्याच्या वहाणा उचलायचीही माझी लायकी नाही, असं ठाम सांगणारा.

पुढच्या रविवारी, १४ तारखेला, हाच योहान पुन्हा येईल. पण तेव्हा तो हेरोद राजाच्या तुरुंगात असेल. तिथून तो आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवतो आणि विचारतो: येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी?

मला हा प्रश्न दरवेळी हलवून टाकतो. ज्याने नदीत उभं राहून येशूला ओळखलं, त्यालाच अंधाऱ्या कोठडीत शंका आली. आणि चर्चने हे वाचन कुठे ठेवलंय बघ, तिसऱ्या रविवारी, ज्या दिवशी झगा गुलाबी असतो आणि ‘आनंद करा’ म्हणतात त्याच दिवशी! म्हणजे हा आनंद दुःख नसलेल्यांसाठी राखलेला नाही. तुरुंगातल्या माणसाचा प्रश्न त्यात धरलेला आहे.

येशू त्याला रागावत नाही. विश्वास कमी पडला तुझा, असं म्हणत नाही. तो निरोप देतो: जे बघता आणि ऐकता ते योहानाला जाऊन सांगा. आंधळ्यांना दिसतंय, लंगडे चालताहेत, गरिबांना सुवार्ता मिळते आहे. आणि मग लोकांसमोर योहानाची थोरवी गातो. पण एक गोष्ट होत नाही. योहान सुटत नाही. पुढे त्याच तुरुंगात त्याचा शिरच्छेद होतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयने हे लपवलेलं नाही, म्हणून मीही तुझ्यापासून लपवणार नाही. आजोबांसाठी आपण सगळ्यांनी किती प्रार्थना केली, तू तर हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रोझरी म्हटलीस, आणि ते गेले. तुझ्या मनात योहानाचा प्रश्न आला असेल तर तो चर्चमध्ये घेऊन जा. तिथे त्याला जागा आहे.

आजोबांकडून मी हे कसं शिकलो ते सांगतो. ११ नोव्हेंबर २००९. तू आईच्या पोटात होतीस, मी इथे कुवेतमध्ये. फयान वादळ कोकण किनाऱ्याने वर सरकत आलं आणि अलिबाग-मुंबईच्या मधून जमिनीवर चढलं. आजोबा बोटीवर होते. फोन लागत नव्हता. आई सांगते, गल्लीतल्या बायका रात्रभर आपल्या ओट्यावर रोझरी म्हणत बसल्या होत्या, आणि आजी मध्येच उठून बंदरावर जाऊन यायची. आजोबांची बोट दातिवऱ्याच्या खाडीत शिरून थांबली होती, ती सुखरूप परत आली. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी मात्र आलेच नाहीत.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी आगमनकाळ लागला. आजीला आभाराची मिस्सा मांडायची होती. आजोबा म्हणाले, मांड, पण त्यात जे आले नाहीत त्यांचं नाव आधी घे. ‘आमचं माणूस आलं म्हणून देव मोठा, असं म्हणायचं नाही. ज्यांचं आलं नाही त्यांचाही देव तोच.’ हे वाक्य मला आईने फोनवर सांगितलं तेव्हापासून मी ते धरून आहे. फारसं न शिकलेल्या माणसाचं बोलणं आहे हे, पण श्रद्धेवर मी ऐकलेल्या कितीतरी प्रवचनांपेक्षा मला ते खरं वाटतं.

तू गेलीस तेव्हा मासेमारी बंदीचे दिवस होते, त्यामुळे आजोबांना डोल, म्हणजे खुंटांना बांधायचं जाळं, लावताना तू पाहिलंच नाहीस. समुद्राच्या तळात खुंट ठोकलेले असतात, त्यांना डोलीचं रुंद तोंड बांधायचं. भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी जाळ्यातून जातं आणि बोंबील, जवळा, करंदी मागच्या टोकाला साठते. पण ओढ जोरात असताना जाळं उचलता येत नाही. कितीही तरणे हात लावा, पाणी त्याला हलू देत नाही. पाणी मंदावेपर्यंत बोटीत बसून राहायचं, डोळा पाण्यावर ठेवून. लहानपणी मी एकदा विचारलं, नुसतं काय बसायचं? आजोबा म्हणाले, नुसतं कुठे, जाळं भरतंय ना खाली. आगमनकाळातलं थांबणं मला त्या बोटीत कळलं. आजीचं हे वर्षही मी तसंच बघतो.

२०२० चा नाताळ तुला आठवत असेलच, आपण इथून मोबाईलवर मिस्सा पाहिली होती. महाराष्ट्रातली चर्च १६ नोव्हेंबरला उघडली, आणि २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्रीची संचारबंदी लागली, वसईतही. मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी उरकावी लागली. चांदण्या कमी, करंज्या कमी, पाहुणे नाहीत. तरी नाताळ आलाच.

पण एका बाबतीत मी रूढीच्या बाजूने नाही, आणि तिथे मला तुझी मदत हवी आहे. आजी रविवारी मागच्या बाकावर बसायला लागली आहे, असं आईने सांगितलं. कुणाच्या बारशाला, लग्नाला गेली तरी दाराशीच थांबते. तिला कुणी तसं सांगितलेलं नाही, पण विधवेने मागे राहायचं हे आपल्या हवेतच आहे. करंज्या न करणं मला समजतं. हे मला मान्य नाही. आणि इथे शुभवर्तमान माझ्या बाजूने आहे. लूकचा दुसरा अध्याय काढ. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा त्याला ओळखणाऱ्या दोघांतली एक हन्ना होती. लग्नानंतर सात वर्षांत विधवा झालेली आणि चौऱ्याऐंशी वर्षांपर्यंत मंदिरात प्रार्थना करत वाट पाहणारी. ती पुढे आली, देवाचे आभार मानले आणि जमलेल्या लोकांना त्या बाळाविषयी सांगू लागली. कुणी तिला मागे हो म्हटलं नाही. हा भाग आजीला मोठ्याने वाचून दाखव, तिला जवळचं दिसत नाही म्हणून. मग नाताळच्या रात्री तिला हाताला धरून पुढच्या बाकावर बसव. ती नको म्हणेल. तू ऐकू नकोस.

चांदणीसाठी आजीशी वाद घालू नकोस. तिचं घर, तिचा नवरा, तिचं दुःख. ते ती ठरवेल. पण येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी नाचणी पेरायला तिची हरकत नसावी, मी तिच्याशी बोललोय. आजोबाच दरवर्षी पेरायचे. नाचणी रात्रभर भिजत घाल. नारळाच्या करवंट्यांत माती भर, वर दाणे दाट पसर, आणि त्यांच्यावर मातीचा पातळ थर दे. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. १४ तारखेच्या आसपास पेरलीस तर २४ पर्यंत बोटभर हिरवळ येईल. उन्हात ठेव, पण कोंबड्यांपासून सांभाळ. गोठ्याच्या मूर्ती कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. एका मेंढराचा पाय तुटलाय, तो आजोबांनी गमने चिकटवलेला आहे, हळू काढ.

आणि काकू करंज्या घेऊन आल्या की डबा तू घे, त्यांना आत बसव, चहा टाक. मला रजा जानेवारीत मिळते आहे, १० तारखेचं तिकीट बघतोय. नक्की झालं की आधी तुलाच कळवेन. आजीला नमस्कार सांग.

तुझे,
पप्पा