पाणंदीतला मुरूम दरवर्षी जातो कुठे?

दादा, तुमचे प्रश्न दोन. नदीकाठच्या पाणंदीत उसाच्या ट्रॉल्या रुततात, टाकलेला मुरूम पावसाळ्यानंतर दिसत नाही, तर खाली जिओ कापड (मातीत घालायचं, पाणी जाऊ देणारं प्लास्टिक धाग्याचं कापड) घालावं का? आणि तेच कापड नव्या घराच्या पायाखाली घातलं तर भिंतींना भेगा पडायच्या थांबतील का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. विकणारा दोन्हींना हो म्हणेल.

आपली काळी माती दोन तऱ्हांनी छळते. भिजली की मऊ पडते, आणि भिजता-वाळताना फुगते-आकसते. कापडाचं काम पहिल्या दुखण्यावर. फुगणारी माती हलकं घरसुद्धा वर ढकलते, तिथं कापड काय अडवणार?

तुमचा मुरूम बहुतेक वाहून गेलेला नाही, तो खाली गेलाय. चाकाच्या दाबानं खडे चिखलात घुसतात आणि चिखल फटींतून वर येतो. मध्ये कापड असलं की दोघं आपापल्या जागी राहतात, पाणी मात्र आरपार जातं. न विणलेलं कापड हाताला घोंगडीसारखं लागतं, विणलेलं साखरेच्या पोत्यासारखं. निचऱ्याला पहिलं बरं, ताण घ्यायला दुसरं. (खताची जुनी पोती शिवून अंथरणारेही पाहिलेत. उन्हानं मेलेला धागा रोलरच्या पहिल्या फेरीतच तुटला.) जिओग्रिड म्हणजे जाळी. तिच्या चौकोनांत खडी अडकून बसते, म्हणून तिला खडीच लागते. बारीक मुरुमात ती वाया. आणि निव्वळ चिखलावर जाळी एकटी घालू नका, खाली कापड हवंच.

खरेदी करताना 'किती जीएसएम' एवढंच विचारून थांबू नका. ते नुसतं वजन, एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते. ताकद किती, किती दाबाला भोक पडतं आणि छिद्रं केवढी, हे कागदावर मागा.

अंथरण्यातच जास्त कामं बिघडतात. माझंही एकदा बिघडलं. कापड अंथरून जेवायला गेलो, तेवढ्यात ट्रॉलीवाल्यानं थेट त्यावर गाडी वळवली. चाळीसेक मीटर पुन्हा केलं, खर्च माझ्या खिशातून. उसाचे बुडखे, दगड काढून जमीन सारखी करा, पण वरचा वाळलेला कडक थर उगाच खरवडू नका, तोच भार पेलतो. जोडाला मऊ जागी दोन-तीन फूट पदर ठेवा. माल आधी भरलेल्या भागावर ओतून जेसीबीनं पुढं ढकला. पहिला थर नऊ इंचांचा, आणि त्यावर रोलर व्हायब्रेशन बंद ठेवून फिरवा, नाहीतर खालचं पाणी वर येतं. कापड उन्हात आठवडेच्या आठवडे उघडं ठेवू नका.

चर नसतील तर हे सगळं पैसे चिखलात घालणं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. तसा पूर कुठलंच कापड रोखत नाही. पण पाणी ओसरल्यावर रस्ता किती लवकर वाळतो ते चरांवर आणि मोरीच्या नळ्यांवर ठरतं.

आता घर. आधी माती किती फुगते ते बघा. वाळवून बारीक चाळलेली माती, १० ग्रॅमचे दोन भाग, १०० मिलीच्या दोन मोजनळ्या. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड पाणी, २४ तास. रॉकेलात माती फुगत नाही. तिथं १० आणि पाण्यात १७ मिली भरली, तर फुगवण ७० टक्के. ५० च्या आत असेल तर फार काळजी नाही, १०० च्या वर गेली तर साध्या पायावर घर उभारू नका. काळीचा थर पातळ असेल तर खोदून पक्क्या मुरमावर पाया घ्या. खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटर खाली, कारण तिथं ओलाव्याचा चढउतार फारसा पोचत नाही. घराभोवती पक्का उताराचा पट्टा करा, आणि न्हाणीचं पाणी पायापाशी मुरू देऊ नका.

पाणंदीचं काम ऊसतोड संपल्यावर एप्रिल-मे मध्ये धरा. त्याआधी पाणंदीतली माती, लॅब सांगेल तेवढी, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबला देऊन चार दिवस भिजवलेला सीबीआर, म्हणजे भिजलेली माती किती भार पेलते त्याचा आकडा, काढून घ्या. आकडा आणि पाणंदीची रुंदी इथं टाका, थर किती जाड लागेल ते मग बोलू.